मूल वाचतं म्हणजे नेमकं काय करतं? धारणीच्या वाचनचाचणीच्या नोंदी

३ जुलै २०२५

विदर्भातल्या शाळा बाकी महाराष्ट्राच्या मागून उघडतात, त्यामुळे आमचं कामही आत्ता सुरू होतंय. मेळघाटातला धारणी तालुका, जिल्हा परिषदेच्या शाळा, इयत्ता दुसरी ते चौथी. बहुतेक मुलं कोरकू आदिवासी घरांतली, घरची भाषा कोरकू. शाळेची भाषा मराठी, शिक्षकांची बोली बहुधा वऱ्हाडी, बाजारात आणि मोबाइलवर हिंदी. मध्य प्रदेशाची हद्द जवळच आहे.

"चौथीत आलं तरी हे पोर वाचत नाही" असं शिक्षक सांगतात, तेव्हा त्यामागे किती वेगवेगळ्या गोष्टी असू शकतात याची यादी आज फळ्यावर केली. अक्षरंच पक्की नाहीत. अक्षरं येतात, पण जोडून शब्द होत नाही. शब्द होतो, पण इतका सावकाश की ओळीच्या शेवटी पोचेपर्यंत सुरुवात निसटते. खडाखडा वाचतं आणि काही कळत नाही, कारण ते शब्द घरात कुणी बोलतच नाही. ऐकू कमी येतं. फळ्यावरचं दिसत नाही. किंवा खरोखर शिकण्याची काही अडचण आहे. प्रत्येकावर उपाय निराळा, पण नोंदवहीत शेरा एकच पडतो: अप्रगत. तो एक शेरा फोडून त्याचे भाग वेगळे दाखवता येतील अशी चाचणी आम्हाला बांधायची आहे.

आधीचं काय हाताशी आहे? 'प्रथम' या शिक्षणात काम करणाऱ्या संस्थेची 'असर' पाहणी २००५ पासून चालू आहे. घरी जाऊन, एकेका मुलाला समोर बसवून, तोंडी घेतात. अक्षर, शब्द, पहिलीच्या पातळीचा परिच्छेद, दुसरीच्या पातळीची गोष्ट, यांतलं सर्वांत वरचं जे जमेल ती त्या मुलाची पायरी. गावागावातल्या स्वयंसेवकांना वापरता येईल इतकं सोपं साधन आहे, आणि देशाचं लक्ष 'शाळेत आहे का' यावरून 'वाचता येतं का' याकडे वळवण्यात त्याचा मोठा वाटा आहे. पण मूल एखाद्या पायरीवर का अडलं, हे सांगणं त्याचं काम नाही. आमचं काम तिथून पुढे सुरू होतं.

९ जुलै

आराखड्याचा पाया ठरला. गफ आणि टनमर या संशोधकांनी १९८६ साली मांडलेलं साधं सूत्र: वाचून समजणं = लिपी उलगडणं × भाषा समजणं. बेरीज नाही, गुणाकार, आणि सगळं मर्म त्यातच आहे. दोहोंपैकी एक शून्य असेल तर उत्तर शून्य, मग दुसरं कितीही असो. कोरकू मुलाची लिपी उत्तम असू शकते आणि मराठीची समज नगण्य. शेजारच्या बाकावरच्या मुलाला मराठी छान समजत असेल, लिपी येत नसेल. आकलनाच्या प्रश्नांवर दोघांनाही सारखेच कमी गुण पडतील.

म्हणून दोन्ही घटक वेगवेगळे मोजायचे, आणि भाषेचा घटक दोन भाषांत मोजायचा. गोष्ट ऐकून समजते का, हे कोरकूतही आणि मराठीतही. वाचन फक्त मराठीत, कारण वाचायला शिकवलंय मराठीतच. जोडीला ध्वनींची जाण, नावं झटपट सांगण्याचा वेग, कानावर पडलेलं लक्षात धरण्याची क्षमता आणि एक बिनशब्दांची तर्कचाचणी.

मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्रातून आलेलं 'डाली' हे वाचनअक्षमता ओळखण्याचं साधन हिंदी, मराठी, कन्नड आणि इंग्रजीत आहे. त्यात कोरकू नाही. कोरकूचा भाग आम्हालाच इथल्या माणसांबरोबर बसून करावा लागेल.

१८ जुलै

शब्दयाद्या. सबंध आठवडा यात गेला आणि तो सत्कारणी लागला असं मला वाटतं.

इंग्रजीसाठी बनवलेल्या चाचण्यांत 'अक्षरओळख' म्हणजे सव्वीस चिन्हं, लहान-मोठी वेगळी मोजली तर बावन्न. आपल्याकडे मुलाला मुळाक्षरं, प्रत्येकाची बाराखडी, वर जोडाक्षरं असं शेकडो आकारांचं भांडार कमवावं लागतं. सोनाली नाग यांनी कन्नड मुलांवर केलेल्या कामात (२००७) दिसलं होतं की अक्षरं पक्की व्हायला पहिली-दुसरी पुरत नाही, चौथीपर्यंत ते काम चालू राहतं. मराठीची घडण तशीच आहे. तेव्हा तिसरीतल्या मुलाला 'क्ष्म' आलं नाही म्हणून दचकायचं कारण नाही. 'मी' आणि 'मे' यांत गोंधळ होत असेल तर मात्र थांबून बघायला हवं.

यादीत मुद्दाम काय काय घातलं:

वेलांटीचे शब्द. 'किती'मध्ये पहिली वेलांटी डोळ्याला आधी दिसते आणि तोंडाला नंतर लागते. काही मुलं इथे हमखास अडतात.

'र'ची रूपं. 'सर्प', 'चक्र', 'ट्रक', 'सुऱ्या'. एकच ध्वनी, पण डोक्यावर, पोटात, पायाशी आणि मध्ये असा चार ठिकाणी. रफार तर ज्या अक्षरावर काढतात त्याच्या आधी उच्चारायचा.

अनुस्वार. 'अंग', 'आंबा', 'संशय': टिंब तेच, उच्चार तीन.

'च' आणि 'ज'. 'चार' आणि 'चाक', 'जीभ' आणि 'जाळं'. लिपीत फरक दाखवलेलाच नाही. शब्द आधी कानावरून माहीत असेल तरच बरोबर उच्चार येतो. म्हणजे हा शब्द बरोबर वाचण्यात लिपी आणि भाषा दोन्हींची परीक्षा होते, आणि मराठी दुसरी भाषा असलेल्या मुलावर तो अन्याय आहे. ठरवलं: असे शब्द ठेवायचे, पण 'चाक' हा शब्द 'चार'मधल्या 'च'ने वाचला तरी लिपी उलगडण्याचा पूर्ण गुण द्यायचा. शब्द ओळखीचा होता की नाही, त्याची खूण वेगळ्या रकान्यात.

शेवटी निरर्थक शब्द: 'गोपुस', 'मटिल', 'लुबेर'. पाठांतरातून आलेले नाहीत, त्यामुळे मूल खरंच लिपी फोडतंय का हे इथे कळतं. कोरकू मुलाला इथे मराठी न येण्याचा तोटा सर्वांत कमी आहे, म्हणून ही यादी माझ्या दृष्टीने चाचणीतली सर्वांत न्याय्य यादी आहे. सोबतच्या कोरकू सहकाऱ्याने प्रत्येक शब्द तपासला. कोरकूत भलताच अर्थ निघणारे दोन काढून टाकले.

२ ऑगस्ट

पाऊस असा की शेजारच्या गावचा रस्ता बंद. दिवसभर शाळेतच बसून गुणदानाचे नियम लिहिले.

सर्वांत मोठी चर्चा 'ळ'वर झाली. वऱ्हाडीत 'डोळा'चा 'डोया' होतो, 'केळी'ची 'केयी', 'पाणी'चं 'पानी'. इथली मुलं मराठी ऐकतात ती अशी. मग मुलाने 'कमळ' हे 'कमय' असं वाचलं तर चूक धरायची का? आमच्यातला एक जण म्हणाला, लिहिलंय ते वाचायला हवं. इथल्या एका मॅडम शांतपणे म्हणाल्या, "सर, मी स्वतः केयीच म्हणते. मला वाचता येत नाही का?" त्यावर वाद संपला.

नियम असा झाला: मूल रोज ज्या पद्धतीने तो ध्वनी बोलतं, त्याच पद्धतीने वाचलं तर ते बरोबर. कारण 'कमय' म्हणायला त्याला आधी 'कमळ'च वाचावं लागलं आहे. पण 'कमळ'चं 'कमल' केलं, तर ती बोली आहे की अक्षराची गल्लत हे त्याच मुलाचं बोलणं ऐकून ठरवायचं. म्हणून चाचणीआधी पाच मिनिटं नुसत्या गप्पा मारायच्या. परीक्षकाने तेवढ्यात 'ळ', 'ण', 'श' यांचे त्या मुलाचे उच्चार टिपून ठेवायचे.

दुसरा नियम लिंगाचा. कोरकू ही मुंडा कुळातली भाषा, मराठीशी तिचं नातं नाही. तिच्यात स्त्रीलिंग-पुल्लिंगाची मराठीसारखी विभागणी नाही. सजीव आणि निर्जीव असा भेद आहे, आणि एकवचन-अनेकवचनाच्या मध्ये द्विवचनही आहे. त्यामुळे गोष्ट परत सांगताना मूल "ती आला" म्हणेल. गोष्ट समजली की नाही या रकान्यात त्याचा काही संबंध नाही. मराठी बोलण्याच्या रकान्यात नोंद करायची, आणि तिथेही शिक्षकाच्या माहितीसाठी. गुण कापायचे नाहीत.

१२ ऑगस्ट

कोरकू गोष्ट ऐकण्याचा भाग आज पहिल्यांदा घेतला.

मराठी गोष्टीचं भाषांतर करायचं नाही, हे आधीच ठरलं होतं. इथल्याच दोघा तरुणांनी आणि एका आजीने मिळून दोन गोष्टी बसवल्या. लांबी सारखी, घटनांची संख्या सारखी, प्रश्नांचे प्रकारही सारखे: काय झालं, का झालं, पुढे काय होईल. मराठी गोष्टी त्याच साच्यात वेगळ्या लिहिल्या. एकाला जड आणि दुसऱ्याला सोपी असं होऊ नये म्हणून कोणत्या मुलाला कोणत्या भाषेतली कोणती गोष्ट, याची आलटूनपालटून वाटणी केली आहे.

चौथीतली एक मुलगी वर्गात बोलत नाही, म्हणून शिक्षकांनी तिचं नाव विशेष मुलांच्या यादीसाठी सुचवलं होतं. मराठी गोष्टीवर ती गप्प बसली, खाली बघत. कोरकू गोष्ट संपल्यावर तिने सगळी परत सांगितली, शिवाय गोष्टीतल्या माणसाने बैल विकला ते चुकीचं का होतं, हेही सांगितलं. सर शेजारी उभे होते. त्यांना कोरकू थोडी समजते. चाचणी संपल्यावर त्यांनी यादीतलं तिचं नाव खोडलं आणि तिला पहिल्या बाकावर आमच्या सहकाऱ्याजवळ बसवलं.

एका मुलीवरून निष्कर्ष काढायचा नाही, हे माहीत आहे. पण फक्त मराठीत मोजून कुणाच्या बुद्धीबद्दल काही म्हणण्याचा अधिकार आपल्याला नाही, एवढं आजच लिहून ठेवते.

२५ ऑगस्ट

पोळ्यानंतर पुन्हा शाळेत. एक मिनिट वाचनाचा उतारा.

ही पद्धत जगभर वापरतात: मूल मिनिटभर मोठ्याने वाचतं, बरोबर वाचलेले शब्द मोजायचे. सोपं आहे, म्हणून लोकप्रिय आहे. पण तो आकडा भाषेभाषेत उचलून नेता येत नाही. आज शिक्षकांना फळ्यावर हे दाखवलं:

नदीपलीकडच्या गावातल्या मुलांसाठी शाळा सुरू झाली.

नदी के पार वाले गाँव के बच्चों के लिए स्कूल शुरू हुआ।

मराठीत सहा शब्द, हिंदीत बारा. अक्षरं मोजली तर दोन्हीकडे एकवीस. मराठी प्रत्यय आणि शब्दयोगी अव्ययं शब्दाला चिकटवून लिहिते, हिंदी त्यांतली बरीच सुटी ठेवते. सारख्याच वेगाने वाचणारी दोन मुलं शब्दांच्या हिशेबात एक दुसऱ्याच्या निम्मं दिसेल. एनसीईआरटीने २०२२ मध्ये तिसरीच्या मुलांची जी पायाभूत अध्ययन पाहणी केली, ती वीस भाषांत होती आणि वाचनाचे मापदंड प्रत्येक भाषेचे वेगळे ठरवले होते. ते योग्यच होतं. हद्दीपलीकडच्या हिंदी शाळेशी तुलना करून इथल्या शिक्षकाला कुणी बोल लावू नये, म्हणून आम्ही शब्द आणि अक्षरं दोन्ही नोंदवतोय.

वाचन ऐकताना आणखी एक गोष्ट टिपतोय. 'करवत' हा शब्द मूल 'क-र-व-त' असा चारही अक्षरं सारखी ठासून वाचतं की 'कर्‌वत' असा बोलण्यातला वाचतं? लिपीत मधला 'अ' गाळल्याची खूण नसते. सुट्या अक्षरांपासून शब्दापर्यंत मूल पोचलं की तो 'अ' आपोआप गळतो. मिनिटाच्या आकड्यापेक्षा ही खूण शिक्षकांना लगेच पटली, कारण ती रोज त्यांच्या कानावर पडते.

११ सप्टेंबर

स्मरण आणि नामोच्चार.

अंक ऐकून परत म्हणायचे: "सात, दोन, नऊ." बुद्धिमापनाच्या जुन्या चाचण्यांपासून हा प्रकार चालत आला आहे. वरवर भाषेशी संबंध नसलेला. पण तसा तो नाही. १९८० मध्ये वेल्श-इंग्रजी द्वैभाषिकांवर झालेल्या एका कामात दिसलं की वेल्श अंक उच्चारायला जास्त वेळ लागतो, म्हणून त्याच माणसांना वेल्शमध्ये कमी अंक लक्षात राहतात. स्मरणशक्ती तीच, भाषेचा उच्चार लांब. इथल्या मुलांना मराठी अंक शाळेतून येतात आणि काहींना ते अजून मनात मोजून आठवावे लागतात. त्या मुलाची अर्धी शक्ती अंक ओळखण्यातच खर्च होते. म्हणून अंकांऐवजी मुलांच्या ओळखीच्या वस्तूंची छोटी नावं वापरतोय, मूल निवडेल त्या भाषेत.

झटपट नावं सांगण्याचा तक्ता: पाच चित्रं, पुन्हा पुन्हा येऊन पन्नास घरं, किती वेळात सांगतात ते मोजायचं. डेंकला आणि रुडेल यांनी १९७० च्या दशकात ही पद्धत रूढ केली. वाचनाचा वेग आणि हा वेग यांचं नातं अनेक भाषांत आढळलं आहे. इथेही सरावात आधी प्रत्येक चित्राचं नाव मुलाने स्वतः ठरवायचं. पाण्याला 'डा' म्हणो की 'पाणी', तक्ता पूर्ण होईपर्यंत एकच धरायचं. काही मुलं मध्येच भाषा बदलतात. त्यांचा वेळ वेगळा लिहितो.

२३ सप्टेंबर

तर्कचाचणी. रेव्हनच्या रंगीत आकृत्या: छत्तीस प्रश्न, बारा-बाराचे तीन संच, आकृतीतला गाळलेला तुकडा निवडायचा. शब्द लागत नाहीत. तरीही ती भाषेपासून मोकळी असेल, शाळेपासून नाही. छापील चौकटी, डावीकडून उजवीकडे बघणं, 'सहांपैकी एकच बरोबर' ही कल्पना, सगळं शाळेत मिळतं. दुसरीतली मुलं सुरुवातीला चित्रातला सर्वांत आवडलेला तुकडा दाखवत होती. सरावाचे प्रश्न वाढवले, लाकडी ठोकळ्यांनी तोच खेळ आधी हातात दिला.

या दिवशी एका वडिलांनी मुलाचं प्रमाणपत्र दाखवलं. तालुक्याबाहेरच्या एका रुग्णालयात मुलाची बुद्धिचाचणी झाली होती, प्रश्न मराठीत. मुलाला तेव्हा मराठी जेमतेम येत होती. कागदावर बुद्ध्यंकाचा आकडा आणि एक शब्द होता. चाचणी कोणत्या भाषेत घेतली, मधे दुभाषी होता का, याची एक ओळसुद्धा नव्हती. वडील विचारत होते, "म्हणजे याचं डोकं चालत नाही का, मॅडम?" त्या मुलाने आमच्या आकृत्या त्याच्या वयाच्या मुलांसारख्याच सोडवल्या होत्या. तेवढंच त्यांना सांगितलं, आणि कोरकू बोलणाऱ्या माणसाच्या सोबतीने पुन्हा तपासणी व्हावी म्हणून पत्र दिलं.

फ्रान्समध्ये १९०४ साली नेमलेल्या आयोगाचं काम करताना बिने आणि सिमोन यांनी १९०५ मध्ये बुद्धिमापनाची पहिली मापिका केली, ती ज्या मुलांना वेगळी मदत लागेल ती शोधायला. आपल्याकडे १९३० च्या दशकात व्ही. व्ही. कामत यांनी मुंबई इलाख्यातल्या मराठी आणि कानडी मुलांसाठी तिचं रूपांतर केलं. त्या काळात मुलांना त्यांच्या भाषेत प्रश्न विचारायचे, इथल्या मुलांवर प्रमाणित करायचे, हा केवढा विचार होता! १९५५ मध्ये भाटिया यांनी हाताने करायच्या कृतींचा संच आणला, १९६९ मध्ये नागपूरला मालिन यांनी वेक्स्लरच्या मुलांसाठीच्या बुद्धिमापिकेचं भारतीय रूप केलं. कामतांची चाचणी अजूनही वापरात आहे. पण त्यांनी जी काळजी मराठी आणि कानडी मुलांची घेतली, ती कोरकू मुलाची त्याच चाचणीने आपोआप घेतली जात नाही. मापनाचे सरासरी आकडे ज्या मुलांवरून काढले, त्यांच्यासारखंच हे मूल आहे का, हा प्रश्न प्रत्येक वेळी विचारावा लागतो.

८ ऑक्टोबर

परीक्षकांचा मेळ. तीच ध्वनिफीत दोघांनी वेगवेगळी ऐकून गुण द्यायचे, मग ताडून बघायचं. नुसती टक्केवारी फसवी असते, योगायोगानेही जुळतं. म्हणून योगायोगाचा वाटा वजा करून मेळ मोजणारा आकडा, कोहेनचा कॅपा, काढतोय. शब्दयादीवर मेळ चांगला. गोष्ट परत सांगण्याच्या 'का'वाल्या प्रश्नांवर ढिला. तिथे नमुना-उत्तरं वाढवली.

सगळ्यांनाच येणारे आणि कुणालाच न येणारे शब्द काढले. 'रेल्वे' गेला.

१२ नोव्हेंबर

दिवाळीनंतर वर्ग अर्धे. मुलं आईबापांबरोबर कामाला खाली गेली आहेत. बरीच थेट होळीला परततील. कोरकूंचा तो सर्वांत मोठा सण.

मापनाच्या दृष्टीने हा साधा अडथळा नाही. जी मुलं आज वर्गात नाहीत तीच बहुधा वाचनात सर्वांत मागे असतील. त्यांना वगळून सरासरी काढली तर ती खोटी चांगली येईल. पहिल्या फेरीत चाचणी झालेल्या प्रत्येक मुलाच्या नोंदीपुढे आता 'स्थलांतर' असा रकाना आहे, आणि दुसरी फेरी डिसेंबरात घ्यायची योजना बदलून होळीनंतर ठेवली. निधी देणाऱ्यांना अहवाल उशिरा जाईल. ते त्यांनी मान्य केलं याचं समाधान आहे.

४ डिसेंबर

शिक्षकांना द्यायच्या पत्रकाचा मसुदा पक्का झाला. एका मुलाला एक पान. बेरीज नाही, टक्के नाहीत, वर्गातला क्रमांक नाही. चारच ओळी: कोरकूत ऐकून समजतं का, मराठीत ऐकून समजतं का, कोणती अक्षरं आणि कोणती जोडणी अडते, जोडून वाचताना वेग कुठे तुटतो. प्रत्येक ओळीखाली पुढच्या दोन महिन्यांत वर्गात काय करायचं ते. लिपी येते पण मराठी कमी, अशा मुलाला आणखी बाराखडी घोटायला लावायची नाही. त्याच्याशी बोलायचं, गोष्टी सांगायच्या, कोरकूतून मराठीकडे आणायचं. मराठी समजते पण लिपी नाही, त्याला वेलांटीपासून परत. दोन्ही भाषांत ऐकूनही समजत नसेल तर आधी कान तपासायचे.

आकृत्यांच्या चाचणीचे गुण पत्रकात जाणार नाहीत. ते संशोधनाच्या फायलीत, नावाऐवजी क्रमांकावर राहतील. शिक्षकांपैकी दोघांनी ते मागितले. कारण विचारलं तर म्हणाले, हुशार मुलं वेगळी बसवता येतील. आम्ही नकार दिला आणि का दिला ते बसून सांगितलं. एकाला पटलं. दुसरे अजून बोलतायत; होळीनंतरच्या फेरीत ते परीक्षक म्हणून सोबत यायला तयार झाले आहेत, कोरकू गोष्टीचा भाग तेच घेणार आहेत.